लिलाव मागितला मधल्याने, विकला गेला त्याचाच हिस्सा

वाटपाच्या दाव्यात कोणीतरी वैतागून म्हणतोच, "जाऊ द्या, विका सगळं, लिलाव करा आणि पैसे वाटा." हे बोलणाऱ्याला वाटतं की जागा बाजारात जाईल, बोली चढेल आणि घर अडवून बसलेल्या भावाला बाहेर पडावं लागेल. पार्टिशन ॲक्ट, 1893 मध्ये कलमं फार नाहीत, पण दुसऱ्या कलमाखाली लिलाव मागणाऱ्याने तिसरं कलम वाचलेलं नसेल तर काय होतं, ते या प्रकरणात पाहायचं आहे.

सुरुवातीलाच एक खुलासा. हे कुटुंब कोणत्याही एका घराचं चित्र नाही. वाटपाच्या दाव्यांत पुन्हा पुन्हा घडणारे प्रसंग एकत्र करून ते उभं केलं आहे. त्यातल्या तारखा आणि रकमा त्या मांडणीपुरत्या आहेत. कलमं आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकाल मात्र खरे.

वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली 9 गुंठे बिनशेती जागा होती. तिच्या मागच्या टोकाला घर, पुढे मोकळं आवार आणि रस्त्याकडेचं तोंड फक्त 42 फूट. शिवाय 50 गुंठे जिरायत शेत. वडील 2009 मध्ये मृत्युपत्र न करता गेले. मागे आई आणि चार मुलं: थोरला, ताई, मधला आणि धाकटी. मिळकत स्वकष्टार्जित असल्यामुळे एकत्र कुटुंबाची मिळकत, जन्मतः हक्क वगैरे प्रश्नच नव्हते. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 8 नुसार पाचही जणांना सारखा म्हणजे एक पंचमांश हिस्सा आला. मिळकत पत्रिकेवर आणि सातबाऱ्यावर वारस नोंदीने पाचही नावं चढली. आई 2013 मध्ये गेली. घरात राहणारा थोरला. मधला नोकरीच्या गावी आणि दोघी बहिणी आपापल्या घरी.

2015 मध्ये मधल्याने वाटपाचा दावा लावला. त्यावर थोरल्याने दोन कागद काढले. आपली लढाई खरं तर या दोन कागदांवर होती हे मधल्याला बरंच उशिरा कळलं.

पहिला कागद आईचं मृत्युपत्र. त्यात आईने आपला एक पंचमांश हिस्सा थोरल्याला दिला होता. दुसरा 2011 सालचं हक्कसोड पत्र: शंभर रुपयांचा मुद्रांक, खाली नोटरीचा शिक्का आणि धाकटीची सही. "वडिलांच्या मिळकतीतला माझा हक्क मी थोरल्या भावाच्या लाभात सोडत आहे," असा त्यातला मजकूर.

आता हिशेब करू. दोन्ही कागद टिकले तर थोरल्याकडे तीन पंचमांश, ताई आणि मधल्याकडे एकेक पंचमांश आणि धाकटीकडे काहीच नाही. फक्त मृत्युपत्र टिकलं तर थोरल्याकडे दोन पंचमांश आणि बाकी तिघांकडे एकेक. दोन्ही पडले तर आईचा हिस्सा हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 15 नुसार चारही मुलांत वाटला जाऊन प्रत्येकाला बरोबर पाव मिळतो. पावच्या जागी पंचमांश, एवढ्याने काय बिघडतं, असं वाचणाऱ्याला वाटेल. बिघडतं ते असं. पार्टिशन ॲक्टच्या कलम 2 खाली कोर्टाने विक्रीचा हुकूम द्यायचा तर मागणी करणाऱ्या हिस्सेदारांचे हिस्से मिळून निम्मे किंवा त्याहून जास्त भरावे लागतात. ताई आणि मधला एका बाजूला होते. पाव आणि पाव मिळून अर्धं होतं, लिलावाचं दार उघडतं. पंचमांश आणि पंचमांश मिळून दोन पंचमांशच होतात, आणि धाकटी सोबत नसेल तर दार बंद.

हक्कसोड पत्र लवकर पडलं. स्थावर मिळकतीतला हक्क सोडून देणारा दस्त नोंदणी कायद्याच्या कलम 17 प्रमाणे नोंदवावाच लागतो. नोंदवला नसेल तर कलम 49 मुळे तो हक्क गेल्याचा पुरावा ठरत नाही. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. ही गोष्ट वकील मंडळी घसा बसेपर्यंत सांगतात, तरी दर दुसऱ्या दाव्यात असा एखादा कागद निघतोच. धाकटीने साक्षीत एवढंच सांगितलं की दादाने सही मागितली, तिने केली आणि पैसे घेतले नाहीत. उलटतपासणीतही ती यापलीकडे गेली नाही. सगळ्यांनी तिला तेव्हापासून बाजूला धरलं.

मृत्युपत्राला जास्त वेळ लागला. मृत्युपत्र नोंदवलंच पाहिजे असं नाही, पण भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम 63 प्रमाणे त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि निदान एका साक्षीदाराला कोर्टात आणून ते शाबीत करावं लागतं. दोघांपैकी एक वारला होता. दुसरा आला आणि उलटतपासणीत म्हणाला की कागदावर सही त्याने थोरल्याच्या दुकानात केली, आई त्या वेळी समोर नव्हती आणि आईची सही कागदावर आधीच होती. आपण सही केल्याचं आईने त्याला कधी सांगितलंही नव्हतं. मृत्युपत्र तिथेच संपलं. 2019 मध्ये प्राथमिक हुकूमनामा झाला: प्रत्येकी एक चतुर्थांश.

शेताची वाट इथून वेगळी झाली, ती थोडक्यात सांगून टाकतो. सरकारला सारा भरणारी शेतजमीन असेल तर दिवाणी न्यायालय फक्त हिस्से ठरवतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, तिथून ते बहुधा तहसीलदारांकडे येतं. पार्टिशन ॲक्टनेही अशा जमिनीच्या वाटपाचे स्थानिक कायदे अबाधित ठेवले आहेत. महाराष्ट्रात त्यात तुकडेबंदीचा 1947 चा कायदा आडवा येतो. 50 गुंठ्यांचे चार भाग केले तर साडेबारा गुंठे पडतात, आणि 2023 च्या अधिसूचनेने जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, 20 गुंठे ठरवलं आहे. तुकडा पडणार असेल तर काहींना जमीन आणि काहींना पैसे द्यायचे, असं त्या कायद्याचं कलम 8अअ सांगतं. कोणाला जमीन आणि कोणाला पैसे हे आपसात ठरलं नाही तर चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. शेतात लिलाव नाही, चिठ्ठी आहे.

बिनशेती जागेसाठी कोर्ट कमिशनर नेमला गेला. मधली दोन वर्षं करोनात गेली. कमिशनरने जागेवर जाऊन मोजमाप घेतलं आणि नकाशासह अहवाल दिला: रस्त्याकडून उभे चार पट्टे पाडले तर प्रत्येकी साडेदहा फूट रुंदी आणि सव्वादोनशे फुटांहून जास्त लांबी येते, अशा पट्ट्यावर काही बांधता येणार नाही. आडवे पाडले तर एकाच हिस्स्याला रस्ता मिळतो, बाकी तिघांना वाट सोडावी लागते, आणि घर दोन हिस्स्यांत कापलं जातं. सरस-निरस मानाने, म्हणजे जागेचा चांगला-वाईट भाग जमेस धरून, चार ठिकाणी वाटप शक्य नाही, असं त्याचं मत पडलं. मधल्याला हेच हवं होतं. 2021 च्या अखेरीस त्याने ताईसह कलम 2 खाली अर्ज दिला: जागा विकावी, पैसे वाटावेत.

थोरल्याच्या वकिलांनी आधी किरकोळ हरकत घेतली की निम्मा म्हणजे निम्म्याहून जास्त. कायद्याचे शब्द "निम्मा किंवा त्याहून अधिक" असे असल्यामुळे ती टिकण्यासारखी नव्हतीच. मग 2022 च्या मार्चमध्ये त्यांनी खरा पत्ता टाकला. कलम 3 खाली थोरल्याचा अर्ज आला. त्यात लिहिलं होतं की वादी आणि ताई विक्री मागतात, तर त्यांचे हिस्से कोर्टाने मूल्यांकन करून ठरवलेल्या किमतीला विकत घ्यायला मी तयार आहे.

मधल्याने हा अर्ज वाचून वकिलांना फोन केला आणि विचारलं, "हे तर आम्हालाच बाहेर काढणं झालं, असं चालतं का?" चालतं. चालतं एवढंच नाही, कायद्यात तिथे कोर्टाला मोकळीकच ठेवलेली नाही. कलम 2 मध्ये कोर्टाला योग्य वाटलं तर विक्री. कलम 3 मध्ये मात्र दुसऱ्या हिस्सेदाराने विकत घ्यायची परवानगी मागितली की कोर्टाने मूल्यांकनाचा हुकूम द्यायचा आणि त्या किमतीला त्याला देऊ करायचं. हे विकत घेणं संपूर्ण जागेचं नसतं, फक्त विक्री मागणाऱ्यांच्या हिस्स्याचं असतं. लिलाव मागणारा आपला हिस्सा टेबलावर ठेवतो आणि न मागणाऱ्यांना तो उचलायचा पहिला हक्क मिळतो. यामागे तर्क आहे. सामाईक जागा बाहेरच्याच्या हाती जाण्याआधी ज्याला ती ठेवायची आहे त्याला संधी द्यावी, आणि ज्याला पैसेच हवेत त्याला पैसे द्यावेत. पण विक्री मागणाऱ्याला "उघड लिलावातले पैसे" हवे असतात आणि इथे मिळतात ते "मूल्यांकनाचे पैसे". या दोन रकमांतलं अंतर हेच या प्रकरणाचं दुखणं.

मधल्याने अर्ज दिला की आम्ही लिलावाची मागणी मागे घेतो. नामंजूर झाला. 1972 मध्ये आर. राममूर्ती अय्यर विरुद्ध राजा व्ही. राजेश्वर राव या प्रकरणात वादीने तर दावाच मागे घ्यायचा प्रयत्न केला होता. कलम 3 खाली अर्ज आल्यावर त्या हिस्सेदाराला एक हक्क प्राप्त होतो आणि दावा मागे घेऊन तो हिरावून घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा ठरवलं. मधल्याच्या वकिलांना हा निकाल माहीत असायला हवा होता, असं माझं मत आहे. अर्ज देण्याआधी पक्षकाराला बसवून "समोरचा घेऊ शकतो का, त्याच्याकडे पैसा आहे का" एवढा एकच प्रश्न विचारला असता तरी पुढचा मनस्ताप वाचला असता. थोरल्याकडे पैसा नाही हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. त्याचा मुलगा कमावता झाला आहे आणि त्याला बँकेचं कर्ज मिळू शकतं, हे कोणी मोजलंच नाही.

त्याच मार्चच्या शेवटी, साक्षीपलीकडे सहा-सात वर्षं जिने तोंड उघडलं नव्हतं त्या धाकटीचाही कलम 3 खाली अर्ज आला.

का, याचं उत्तर फाइलमध्ये नाही. मला वाटतं ते त्या शंभर रुपयांच्या मुद्रांकात आहे. दादाने मागितली म्हणून तिने सही केली होती, आणि पुढे तोच कागद तिच्याविरुद्ध भर कोर्टात वाचला गेला. असो. कायद्याच्या दृष्टीने कारणाला महत्त्व नव्हतं. तिचा हिस्सा पाव होता, तिने विक्री मागितली नव्हती, म्हणून ती "दुसरी हिस्सेदार" होती. थोरल्याला जेवढा हक्क तेवढाच तिला. आणि कलम 3 चं पोटकलम 2 सांगतं की असे दोन किंवा अधिक हिस्सेदार वेगवेगळे पुढे आले तर मूल्यांकनाच्या वर जो सर्वांत जास्त किंमत देईल त्याला विकावं. बंद दाराआड दोन भावंडांमधला लिलाव. मधला आणि ताई त्यात बोली लावू शकत नव्हते, कारण विकला जाणारा हिस्सा त्यांचाच होता. उघड लिलाव झाला असता तर कलम 6 खाली चौघांनाही बोली लावता आली असती, अगदी आपल्या हिस्स्याची रक्कम वळती करून घेण्याची सवलतही कोर्ट देऊ शकलं असतं. शिवाय हिस्सेदाराची आणि परक्याची बोली सारखी आली तर ती हिस्सेदाराची धरली जाते.

मूल्यांकन कोणत्या तारखेचं, यावर एक वर्ष गेलं. थोरला म्हणे दाव्याची तारीख, 2015. मधला म्हणे प्रत्यक्ष पैसे भरण्याचा दिवस, कारण दरम्यान जवळच्या रस्त्याचं रुंदीकरण होऊन भाव वाढले होते. मालती रामचंद्र राऊत विरुद्ध महादेवो वासुदेवो जोशी या 1991 च्या निकालाचा आधार घेऊन कोर्टाने दोघांनाही नाही म्हटलं. विकत घेण्याचा हक्क ज्या दिवशी उत्पन्न झाला त्या दिवसाची किंमत, म्हणजे अर्जाचा काळ, 2022 चा मार्च. पुढे कोर्टाला लागलेल्या वेळेतली भाववाढ विकणाऱ्याच्या पदरात पडत नाही. मधल्याने हे ऐकल्यावर तारखांना उशीर करण्यात त्याला रस उरला नाही. त्याआधी तीन वेळा मुदत त्यानेच मागितली होती.

मधल्याच्या मूल्यांकनकाराने संपूर्ण जागेची किंमत 1 कोटी 40 लाख सांगितली. थोरल्याच्या मूल्यांकनकाराने 78 लाख. कोर्टाने नेमलेल्याने रेडी रेकनर (सरकारी दरपत्रक) आणि आसपासचे तीन नोंदणीकृत खरेदीखतांचे व्यवहार धरून, अरुंद तोंडासाठी वजावट करून, 96 लाख काढले. म्हणजे विकल्या जाणाऱ्या अर्ध्या हिस्स्याचे 48 लाख. 48 पासून बोली सुरू झाली.

थोरला आणि धाकटी एकाच बाकावर, मध्ये दोन वकील. धाकटीने 50 म्हटलं. थोरल्याने 52. ती 54. थोरल्याचा मुलगा बाहेर जाऊन फोन करून आला आणि 56 म्हणाला. धाकटी 57. थोरला थांबला. धाकटीच्या यजमानांना निवृत्तीचे पैसे मिळाले होते आणि बाकीचं मुलीच्या नावावर कर्ज काढून उभं केलं होतं, हे नंतर कळलं. कोर्टाने ठरवून दिलेल्या मुदतीत तिने 57 लाख जमा केले.

ताई आणि मधल्याच्या वाट्याला प्रत्येकी साडेअठ्ठावीस लाख आले. मधल्याच्या मनातला आकडा पस्तीस होता, एक कोटी चाळीसचा पाव. पण तो आकडाही कागदावरचाच. थोरला घरात बसलेला असताना उघड लिलावात कोण आलं असतं? कोर्टाच्या लिलावात बोली मिळाल्याबरोबर पंचवीस टक्के भरायचे, उरलेले पंधरा दिवसांत, नाही भरले तर फेरलिलाव. एवढी रोकड घेऊन येणारा माणूस आधी जागेवर जाऊन बघतो आणि आत कुटुंब नांदताना दिसलं की किमतीतून तो त्रास वजा करतो. कोर्ट राखीव बोली ठेवतं, पण गिऱ्हाईक आलं नाही तर ती खालीही आणता येते. मला वाटतं, धाकटी नसती तर मधल्याला चोवीस मिळाले असते. तिच्यामुळे साडेचार लाख जास्त मिळाले. हे त्याने कोणापाशी कबूल केल्याचं ऐकिवात नाही.

थोरल्याने अपील केलं. कलम 2, 3 किंवा 4 खालचा विक्रीचा हुकूम हुकूमनाम्यासारखा समजला जातो, म्हणून अपील चालतं. मुद्दा एकच होता की धाकटीचा अर्ज त्याच्यानंतर आला म्हणून ती स्पर्धेत येऊ शकत नाही. कायद्यात "आधी येईल त्याला" असं कुठे म्हटलेलं नाही. अपील फारसं दमदार नव्हतं आणि त्यालाही ते ठाऊक असावं.

पण धाकटीचंही काम सोपं नव्हतं. आता तिच्याकडे पाऊण हिस्सा, थोरल्याकडे पाव. तो घरातच. पाऊण हिस्सा म्हणजे निम्म्याहून जास्त, तेव्हा तीच आता लिलाव मागू शकत होती. तिच्या वकिलांनी तो विचार मांडला. तिने विचारलं, "मग दादा माझा पाऊण भाग विकत घ्यायला अर्ज देईल ना?" देऊ शकला असता. आधीच्या दोघांची जी गत झाली तीच तिची झाली असती, फक्त पाऊण जागेसाठी. तिने लिलाव मागितला नाही. तिने वाटप मागितलं.

आणि वाटप आता जमत होतं. 2021 मध्ये चार हिस्से पडत नव्हते. आता दोन पडत होते. मागच्या बाजूला घरासह पाव भाग थोरल्याला, पुढचा पाऊण भाग धाकटीला आणि एका कडेने 12 फुटांची वाट दोघांच्या सामाईक मालकीची. घर ज्या भागात येतं त्याची किंमत जास्त, म्हणून थोरल्याने धाकटीला फरकाचे 3 लाख द्यायचे. अपील लोकअदालतीत गेलं, तडजोड पुरसिस (तडजोडीचं लेखी निवेदन) झाली, त्यावर दोघांच्या सह्या आल्या. लोकअदालतीच्या निवाड्यावर पुन्हा अपील नाही. शेताबद्दलही त्याच तडजोडीत ठरलं. थोरल्याने आणि ताईने प्रत्येकी 25 गुंठे घ्यायचे, मधल्याला आणि धाकटीला पैसे. चिठ्ठ्या टाकायची वेळ आली नाही. शेताचा मजकूर असल्यामुळे त्या पुरसिसवर ताईची आणि मधल्याचीही सही लागली. मधला सही करून चहा न घेता निघून गेला, असं कारकुनाने सांगितलं.

2025 मध्ये भूमी अभिलेखचा मोजणीदार जागेवर आला. खुणा रोवल्या, पंचनामा झाला. पंचनाम्यावर थोरल्याची आणि धाकटीची सही. ताई बघायला आली होती. मधला आला नाही. त्याची त्या जागेत आता सही लागत नव्हती.